शेळ्या वितात रात्री, प्रशिक्षण होतं दिवसा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भोसरीतली भाड्याची खोली सोडून आम्ही नवरा-बायको तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर परत आलो ते येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाच्या, तोंडावर. ज्वारी पोटऱ्यात आलेली आणि गोठ्यातल्या उस्मानाबादी शेळ्या सगळ्या एकदमच व्यायला टेकलेल्या. पावसाळ्यात हिरवा पाला मिळाला की शेळ्या माजावर येतात आणि पुढं साधारण 150 दिवसांनी, म्हणजे ऐन थंडीत, वितात. या जातीला जुळी नेहमीचीच. पण जुळ्यातलं धाकटं करडू दोन किलोच्या आतबाहेर असतं, आणि पत्र्याच्या गोठ्यात पहाटेपर्यंत पार गारठून जातं.

आम्ही आलो त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर दोन करडं गेली. दोन्ही धडधाकट जन्मली होती. वार (व्याल्यावर शेळीच्या पोटातून पडणारी झार) पडल्याशिवाय करडाला चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पाजायचा नाही, अशी आमच्याकडं जुनी रीत आहे. वार पडायला उजाडलं, तोवर करडांनी माना टाकल्या होत्या. त्या घरच्या बाईंचं रडणं मला अजून ऐकू येतं, कारण त्यांनी रात्रभर जागून सगळं रीतीप्रमाणंच केलं होतं.

उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं फोनवर समजावलं ते असं : करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं जवळपास काहीच नसतं, ते चिकातूनच मिळतं. आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद पहिल्या काही तासांत भराभर कमी होत जाते. म्हणून करडू कोरडं पुसलं, नाळेला आयोडीन लावलं, की तासाभरात सडाला लावायचं. करडू ओढू लागलं की शेळीची गर्भपिशवी आकसते आणि वार पडायलाही मदतच होते. लोंबणारी वार मात्र हातानं ओढायची नाही.

आमच्या सासूबाईंचा हात फार तयार आहे. करडाचा पाय दुमडला असेल तर नुसत्या बोटांनी ओळखतात. त्यांनी हे शांतपणे ऐकलं आणि त्याच रात्री व्यालेल्या शेळीची दोन्ही करडं वार पडायच्या आधी पाजली. समजावून सांगितलं तर बायका ऐकतात, पण त्यांना सांगायला येतं कोण?

शेळीपालनाची प्रशिक्षणं होतात. पण ती तालुक्याला, भरदिवसा, आणि यादीत बहुतेक नावं पुरुषांची, कारण सातबारा त्यांच्या नावावर. त्यात शेळ्यांच्या गटाची किंमत, शेडचं माप, कर्जाची कागदपत्रं यांवरच जास्त बोलणं होतं. रात्री दोनला बॅटरी घेऊन गोठ्यात बसणारी बाई त्या वेळी शेळ्यांमागं रानात असते.

पशुसंवर्धन विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. हे प्रशिक्षण भाद्रपद-आश्विनात, शेळ्या गाभण असतानाच, वस्तीवर घ्यावं. वेळ दिवेलागणीची ठेवावी, शेळ्या रानातून परतलेल्या असतात. प्रत्येकीला आयोडीनची बाटली आणि हातमोजे द्यावेत, आणि विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होणाऱ्या रोगाची) लस टोचून घ्यायला सांगावं, म्हणजे चिकातून करडांनाही तिचं बळ मिळेल. फिरत्या दवाखान्यासाठीचा 1962 हा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून द्यावा. वाचता न येणाऱ्या बायकांकडून तो तिथल्या तिथं पाठ करून घ्यावा.

आपली,
एक शेळीपालक महिला
ता. तुळजापूर, जि. धाराशिव