दोन दिवसांसाठी विमान कशाला?

माइन्झ (जर्मनी), सोमवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू परत परत एकच विचारत होतीस. शनिवार-रविवारच्या सुट्टीसाठी कुणी विमानाने दुसऱ्या देशात जातं का? आणि गेलीस ते गेलीस, ही माणसं कोण, कुठली, त्यांच्या घरी कोण कोण असतं? बाबा मागून "अगं, तिला सगळा परदेशच आहे" असं काहीतरी म्हणाले आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली. म्हणून लिहूनच पाठवते. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांग, मोबाइलवर डोळे ताणत बसू नका.

आधी पैशांचं सांगते, कारण बाबांचा जीव तिथे अडकलेला असणार. जायचं तिकीट १७ युरो, यायचं २४. म्हणजे आपल्याकडचे चार हजारांच्या आसपास. दिवाळीत मला पुणे विमानतळावरून घरी आणायला जी गाडी केली होती तिचं भाडं आठवा, म्हणजे हिशोब लागेल. राहायला एक फ्लॅट भाड्याने घेतला, तो चौघांत वाटला गेला. मोठा खर्च झाला तो विमानतळावर पोचायचा. कारण ज्या विमानतळाचं नाव फ्रँकफर्ट हान आहे, तो फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर आहे! पुणे विमानतळ म्हणून सांगायचं आणि माणसाला फलटणला नेऊन उभं करायचं, तसलाच प्रकार. डोंगरात, शेतांच्या मधोमध, अमेरिकन हवाई दलाचा जुना तळ. पूर्वी तिथे लढाऊ विमानं असायची, १९९३ मध्ये तो तळ बंद झाला. नंतर रिकामी धावपट्टी करायची काय, तर स्वस्त विमानं बोलावली. आपल्या फलटणच्या विमानतळावर विमानाऐवजी दरवर्षी माउलींची पालखी उतरते, तेवढं भाग्य काही हानला नाही.

बाबा, हे सगळं एवढ्या कमी पैशात परवडतं कसं, ते तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. एसटीच्या आगारात इतकी वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला ते लगेच कळेल. गाडी स्टँडवर उभी राहिली की ती काही कमवत नाही, हे तुम्ही जेवताना कितीदा सांगितलंय. या स्वस्त विमान कंपन्यांचं अख्खं गणित तेवढ्यावरच चालतं. विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंत २५ मिनिटं! तेवढ्यात १८९ माणसं उतरणार, झाडलोट होणार आणि दुसरी १८९ चढणार. म्हणून पुढून आणि मागून दोन्हीकडून जिने लावतात, बस नाही, पूल नाही, आपापल्या पायांनी चालत जायचं. सीट मागे कलत नाही. पुढच्या सीटला जाळीचा खिसाही नाही, कारण खिसा असला की लोक त्यात कागद-बाटल्या कोंबतात आणि तो साफ करण्यात वेळ जातो. सूचनांचं कार्डसुद्धा समोरच्या पाठीवर चिकटवलेलं असतं. विमानं सगळी एकाच जातीची, म्हणजे पायलट, मेकॅनिक, सुटे भाग कुठेही चालतात. आणि भारमान, म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण, नव्वद टक्क्यांच्या वर. तुमच्या रातराणीला कधी मिळालं होतं का एवढं?

१७ युरोवाली सीट थोड्यांनाच मिळते, हेही खरं. मी दोन महिने आधी काढलं होतं. माझ्या शेजारच्या माणसाने आदल्या आठवड्यात काढलं, त्याला नव्वदच्या वर पडले. बाकी बॅग, हवी ती जागा, चहा, सगळ्याचे वेगळे पैसे. चहा तर घेऊच नये. फुकट न्यायची ती पिशवी ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटरची. त्यामुळे माझा अवतार बघण्यासारखा होता: दोन स्वेटर, त्यावर जर्किन, एका खिशात चार्जर, दुसऱ्यात मोजे. पिशवीत जागा उरली होती ती तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी. सुरक्षा तपासणीत नेमकं तेच पाकीट बाहेर काढलं. तिथल्या बाईंनी त्यावरून कापडाची एक पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली, यंत्र काही बोललं नाही. मग त्यांनी पाकीट नाकाशी नेलं आणि "लसूण?" असं विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पाकीट परत देताना मला वाटलं, आता थोडी मागतात की काय.

विमान स्वस्त म्हणजे जुनंपानं, डुगडुगणारं, असं मनात आणू नकोस आई. सुरक्षेचे नियम स्वस्त-महाग सगळ्यांना सारखेच असतात. सव्वा तासाचा तर प्रवास. मध्ये आल्प्स येतो, खाली नुसता बर्फ. मला खिडकी मिळाली नव्हती, शेजाऱ्याच्या खांद्यावरून पाहिला.

आता माणसं.

गेल्या वर्षी मी स्पेनमध्ये लिऑनपासून सान्तियागोपर्यंत, तिकडच्या जुन्या यात्रेच्या वाटेने, चालत गेले होते, ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा पायाला आलेल्या फोडांचे फोटो पाठवले म्हणून तू रागावली होतीस. त्या वाटेवर अधेमधे भेटत राहिलेली ही माणसं. एक डब्लिनचे निवृत्त पोस्टमन आहेत, वय ७१, आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो. एक पोलंडमधल्या क्राकावची नर्स, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. आणि एक व्हॅलेन्सियाचा शाळामास्तर, जो झोपला की अख्खी धर्मशाळा जागी राहते. त्या वाटेवर पुढचा मुक्काम, भाकरतुकडा, फोडांवरचं मलम सगळ्यांचं एकच असतं, त्यामुळे कुणी कुणाला पगार विचारत नाही. नर्सने माझे फोड सुईने फोडले होते. ओळख तिथून.

तुम्ही म्हणाल, तेवढ्यावर इतकं? आई, आपल्या अंगणात दरवर्षी एका रात्रीपुरती दिंडी उतरते. परभणीकडच्या त्या आजी गेल्या वर्षी दिसल्या नाहीत, तर तू दिंडीतल्या माणसांकडून नंबर मिळवलास, दादाला फोन लावायला लावलास, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे कळेपर्यंत तुझ्या हातून भाकरी थापली जात नव्हती. त्या आजींचं आडनाव तरी तुला माहीत आहे का?

भेटायचं हे ठरलं होतं, पण जागा आम्ही निवडली नाही, तिकिटांनी निवडली. चौघांनी आपापल्या गावाहून कुठे सरळ आणि स्वस्त विमान जातं ते पाहिलं. चारही याद्यांत इटलीतलं बर्गमो होतं. (तिकिटावर 'मिलान बर्गमो' लिहितात. मिलान तिथून पन्नासेक किलोमीटर लांब आहे. हाच खेळ सगळीकडे.) पण गाव असं निघालं की मुद्दाम जावं. २०२० च्या मार्चमध्ये टीव्हीवर शवपेट्या नेणाऱ्या लष्करी ट्रकची रांग दाखवत होते आणि तुम्ही चॅनेल बदललं होतं, ते हेच गाव. आता तिथे पोरं चौकात फुटबॉल खेळत होती. नर्स मात्र पहिल्या दिवशी फारसं बोलली नाही. त्या वर्षी ती कोविड वॉर्डात होती.

गावाचे दोन भाग, एक सपाटीवर आणि एक टेकडीवर. वर जायला दोरीने ओढत नेणारी छोटी आगगाडी आहे, १८८७ पासूनची. वरच्या गावाभोवती व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १५६१ मध्ये बांधायला घेतलेला तट अजून उभा आहे, सहा किलोमीटरहून जास्त लांब. आजोबा म्हणाले, चालूया. चाललो. त्यांच्या खिशात स्पेनच्या वाटेवरच्या यात्रेकरूंची खूण असलेला शिंपला होताच, तो त्यांनी दप्तराला बांधला, आणि मग काय, आमची सगळ्यांची चालच बदलली. दुपारी पोलेन्ता खाल्ला. मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, त्यात भरपूर लोणी आणि चीज. बाकीच्यांनी मांस घेतलं, मी तुझी चटणी काढली. आजोबांनी बोटाच्या पेराएवढी घेतली आणि दोन ग्लास पाणी प्याले. मास्तरने पाकीट स्वतःकडेच ठेवून घेतलं, परत दिलं नाही.

रात्री दहाला तिथल्या जुन्या मनोऱ्यावरची घंटा वाजते, पूर्ण शंभर ठोके. पूर्वी तेव्हा वेशीचे दरवाजे लावायचे. आता दरवाजे लावत नाहीत, ठोके मात्र चालू आहेत. चालण्याच्या वाटेवरच्या धर्मशाळांतही दहाला दिवे बंद होतात, त्यामुळे पहिले ठोके पडताच आम्ही चौघंही नकळत उठलो आणि मग एकमेकांकडे बघून हसत सुटलो. त्या रात्री घंटेनंतरही बराच वेळ पायरीवर बसलो होतो. आजोबांनी तेव्हा त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली.

भाऊ तरुणपणी लंडनला बांधकामावर गेला. तेव्हा डब्लिन-लंडन विमानाला जाऊन-येऊन २०० पौंडांच्या वर पडायचे. बांधकामावरच्या गड्याला ते कुठून परवडणार? रात्रभर बोट, मग आगगाडी, असं करून तो नाताळाला एकदा यायचा. १९८५ मध्ये रायनएअर नावाची कंपनी वॉटरफर्ड नावाच्या गावातून १५ सीटच्या विमानाने सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तिने डब्लिनहून लंडनला ९९ पौंडांत न्यायला-आणायला सुरुवात केली. मग दुसऱ्या कंपन्यांनाही भाव पाडावे लागले. १९९७ पासून तर युरोपातल्या कुठल्याही कंपनीला युरोपात कुठेही उडायची मोकळीक मिळाली. आजोबा म्हणाले, भाऊ आधी वर्षातून एकदा यायचा तेव्हा आम्ही त्याच्यासाठी टेबलावर चांगल्या बश्या काढायचो. दर दोन महिन्यांनी यायला लागल्यावर तो स्वतःच बश्या धुवायला लागला.

हे ऐकताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. मुंबईचं तिकीट सतरा युरोला मिळत नाही, एवढंच.

बाबा, तुम्ही धुराचं विचारणार, तेही सांगते. माझी ऑफिसातली मैत्रीण विमानात बसतच नाही आणि तिचं चुकत नाही. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर कर लागत नाही, म्हणूनही हे भाव दिसतात. आगगाडीने स्वित्झर्लंडमधून जाता येतं, आल्प्सच्या पोटातून ५७ किलोमीटरचा बोगदा काढलाय, पण दिवस जातो आणि पैसे तिप्पट-चौपट लागतात. दर महिन्याला हौस म्हणून असं उडत फिरणं मलाही पटत नाही. वर्षातून एकदा, ज्यांनी पायाचे फोड फोडले त्या माणसांसाठी, मला पटतं. तुम्हाला नाही पटलं तर भांडूया, पण व्हिडिओ कॉलवर, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल.

आणि हो, एकटी कुठे फिरत होतीस, हा तुझा ठरलेला प्रश्न. माझी आणि नर्सची एक खोली होती, मास्तर आणि आजोबा दुसऱ्या खोलीत. भिंत पातळ होती, घोरणं सगळं ऐकू आलं. दादाकडे लोकेशन होतं, पत्ता होता, फ्लॅटच्या मालकिणीचा नंबर होता. त्याने तुला सांगितलं नसेल तर त्याचा कान धर.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ते. मी पालखीचे फोटो दाखवले, लोणंदहून पुढे चांदोबाच्या लिंबला होतं ते उभं रिंगण दाखवलं, घोडा धावतो तो व्हिडिओ दाखवला. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मला हे चालायचंय. सगळं नाही, तरडगाव ते फलटण, पुढे बरड, जमेल तेवढं. पुढच्या आषाढात मी सुट्टी घेऊन त्यांना घेऊन येईन म्हणते. माझं तिकीट मी आत्तापासूनच बघायला लागले आहे.

बाबा, पुढच्या वर्षी पालखी फलटणला कोणत्या तारखेला आहे ते पंचांग बघून कळवा आणि दिंडीप्रमुखांच्या कानावर घालून ठेवा की एक परदेशी माणूस दोन-तीन दिवस बरोबर असेल, त्यांची ना नसेल तरच. आई, तू लगेच "येऊ देत, येऊ देत" म्हणू नकोस. त्या दिवशी आधीच तीस-चाळीस माणसं असतात, तुझी कंबर मला माहीत आहे. आजोबांना जमिनीवर झोपायची सवय आहे, खाली बसून जेवता मात्र येत नाही, पोस्टाची सायकल चालवून गुडघे गेलेत. तिखट अजिबात चालत नाही. चहा दिवसभर चालतो, दूध घालून, आपल्यासारखाच. मागच्या खोलीत पंखा दुरुस्त झालाय का आणि संडासाच्या कमोडचं काम दादाने पूर्ण केलं का, एवढं आधी विचारून सांग. नसेल झालं तर त्यांची सोय लॉजवर करू, त्यात कमीपणा नाही.

गुरुवारी रात्री तुमच्या साडेनऊला फोन करते. तोपर्यंत बाबांना बीपीची गोळी वेळेवर द्यायला विसरू नकोस.

तुमची,
माई