पुण्याच्या संशोधकांना पुण्याचा डेटा द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : संगणकशास्त्राच्या एम.टेक. आणि पीएच.डी. संशोधनासाठी शासकीय नोंदी ठरावीक मुदतीत मिळण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एम.टेक. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची गाईड म्हणून काम करते. विषय उपयोजित संगणन आणि प्रणाली विश्लेषण, म्हणजे एखादी व्यवस्था एकूण कशी चालते याचा गणिताने अभ्यास. हे पत्र एकाच मागणीसाठी आहे. शासनाच्या आणि महापालिकांच्या कार्यालयांत रोज ज्या नोंदी जमा होतात, त्या आमच्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी मिळाव्यात, आणि त्यासाठी शासन निर्णय निघावा.

आज काय चालतं ते आधी सांगते. वाहतुकीच्या अंदाजावर काम करायचं ठरवून माझ्याकडे येणारा विद्यार्थी बहुतेक वेळा मेट्र-एलए नावाचा डेटासेट घेऊन येतो. त्यात लॉस एंजलिसच्या महामार्गांवरच्या २०७ सेन्सरांनी २०१२ सालच्या मार्च ते जून या चार महिन्यांत टिपलेला वेग आहे, दर पाच मिनिटांना एक आकडा. जगभरचे संशोधक तो वापरतात, कारण तो फुकट मिळतो, स्वच्छ आहे आणि त्यावर केलेल्या कामाची इतरांच्या कामाशी तुलना करता येते. पण त्या रस्त्यांवर रिक्षा नाहीत. दोन गाड्यांच्या फटीतून पुढे सरकणाऱ्या शेकडो दुचाकी नाहीत. गणेशोत्सवात दहा दिवस बदलणारे मार्ग नाहीत, पालखीच्या दिवशी बंद होणारे रस्ते नाहीत. हडपसरला राहणारा, रोज मगरपट्ट्याच्या सिग्नलला अडकणारा मुलगा दोन वर्षं लॉस एंजलिसच्या कोंडीचा अभ्यास करतो, अंदाजातली चूक आणखी थोडी कमी करून दाखवतो, पेपर छापतो आणि पदवी घेतो. त्याची मेहनत खरी असते. त्या मेहनतीतून त्याच्या शहराला काहीच मिळत नाही, आणि यात त्या मुलाचा दोष नाही.

एका विद्यार्थिनीने मात्र पुण्यावरच काम करायचं ठरवलं. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र तयार केलं, प्राचार्यांची सही घेतली, आणि ज्या कार्यालयाकडे तिला हव्या त्या नोंदी होत्या तिथल्या आवक विभागात ते देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. ते कार्यालय कोणतं, हे इथे महत्त्वाचं नाही. मी स्वतः तिच्यासोबत तिथल्या अधिकाऱ्यांना भेटायला गेले. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, विषय नीट समजून घेतला आणि मग मोकळेपणाने विचारलं, "मॅडम, कोणत्या नियमाखाली देऊ?" त्यांच्याकडे नोंदी होत्या. द्यायला त्यांची मनातून हरकतही नव्हती. पण द्या असं सांगणारा कागद नव्हता, आणि उद्या काही झालं तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी हेच केलं असतं, म्हणूनच मी त्यांची तक्रार करत नाही. तो कागद काढणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला आहे.

पुढे तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा स्टँप, पानाला दोन रुपये. मिळाल्या त्या झेरॉक्स प्रती. मूळ नोंदी संगणकात होत्या, त्यांची प्रिंट काढली गेली, प्रिंटची झेरॉक्स निघाली, आणि काही पानांवर उजवीकडचा शेवटचा रकाना अर्धा कापला गेला. तिने आणि तिच्या भावाने ते आकडे रात्री बसून पुन्हा एक्सेलमध्ये टाईप केले. जे पाच मिनिटांत पेनड्राईव्हवर मिळालं असतं, त्यात तिच्या संशोधनाचे महिने गेले. व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, एवढ्या थोड्या कालावधीचाच डेटा का घेतला? प्रश्न बरोबर होता. पदवी तिला मिळाली, काम चांगलं होतं, पण ज्या कार्यालयाला त्याचा उपयोग झाला असता त्याने ते आजतागायत पाहिलेलं नाही, कारण प्रबंध परत तिकडे पोचवण्याचीही काही वाट नाही.

महोदय, पुण्यात अशा संशोधनासाठी विषयांची कमतरता नाही. एकच उदाहरण जरा सविस्तर देते.

शहराला पाणी देणारी चार धरणं आहेत : टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). पण सगळ्यात खाली, शहराच्या तोंडाशी असलेल्या खडकवासल्याची स्वतःची साठवण दोन टीएमसीहूनही कमी. वरची तीन धरणं भरत आली की त्यांचा विसर्ग आणि मधल्या पाणलोटातला पाऊस, असा सगळा येवा, म्हणजे येणारं पाणी, या छोट्या धरणात उतरतो, आणि ते काही तासांत भरतं. मग मुठेत पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, ते सगळ्या पुण्याने पाहिलं. आता याच प्रश्नाची दुसरी बाजू घ्या. पुराच्या भीतीने जुलैत धरणं रिकामी ठेवली आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, तर पुढच्या मे महिन्यात पुण्याचे नळ आणि दौंड-इंदापूरकडच्या शेतीला सोडायची पाण्याची आवर्तनं दोन्ही अडचणीत येतात. कधी, किती आणि कोणत्या धरणातून सोडायचं, आणि नदीकाठच्या माणसाला किती तास आधी कळवायचं, हा निर्णय दर पावसाळ्यात तज्ज्ञ अभियंते अनुभवाच्या जोरावर घेतात, बऱ्याचदा मध्यरात्री. हा प्रणाली विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकातला अस्सल प्रश्न आहे. जलाशयांच्या संचालनावर या पद्धतीने काम जगात १९५० च्या दशकापासून चालू आहे. गणितज्ञ नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली लिनिअर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे मर्यादांमध्ये राहून सगळ्यात चांगला पर्याय गणिताने शोधण्याची, जी नवी रीत दिली, त्या घराण्यातल्या रीती आज साध्या लॅपटॉपवर असे प्रश्न सोडवतात.

एका एम.टेक.च्या विद्यार्थ्याला काही वर्षांच्या पावसाळ्यांचे तासागणिक आकडे मिळाले, म्हणजे प्रत्येक धरणातला येवा, सांडव्याची दारं किती उघडली ती नोंद आणि पाणलोटातला पाऊस, तर तो संगणकावर हजारो काल्पनिक पावसाळे चालवून पाहू शकतो. जुलैअखेर साठा थोडा कमी ठेवला तर एकतानगरीला इशारा किती तास लवकर मिळतो आणि त्याची किंमत उन्हाळ्यात किती पाण्याने मोजावी लागते, हे तो आकड्यांत मांडू शकतो. निर्णय अभियंतेच घेतील, घ्यायलाही हवा. पण त्यांच्या टेबलावर हा तक्ता असेल.

नुसती फाइल मिळून मात्र भागत नाही. त्या विद्यार्थ्याला पावसाळ्यातली एखादी रात्र नियंत्रण कक्षात बसू दिलं पाहिजे. विसर्गाचा आकडा कोण कोणाला कळवतं, फोनवर की व्हॉट्सॲपवर, वॉर्ड ऑफिसपर्यंत तो कधी जातो, सोसायटीच्या वॉचमनला कोण सांगतं, हे कुठल्याही डेटासेटमध्ये नसतं. प्रणाली म्हणजे संगणक आणि त्याच्या भोवतीची माणसं. आमच्या विद्यार्थ्यांचं शिक्षण इथेच अपुरं राहतं, कारण कामाची जागा त्यांनी कधी पाहिलेलीच नसते.

विद्यापीठ चौकाचंही सांगावंसं वाटतं. तिथले उड्डाणपूल २०२० साली पाडले गेले, कारण ते हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गात येत होते. बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. पुढच्या तीस वर्षांत या चौकातून काय काय जाणार आहे, हा प्रश्न त्या पुलांच्या आखणीच्या वेळी एखाद्या संशोधन गटाला घालता आला असता, आणि विद्यापीठाचं फाटक त्या चौकातच आहे.

मोठ्या संगणकांची आणि संशोधन संस्थांची पुण्यात वानवा नाही. १९८८ साली इथे सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक तयार झाला. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातला 'एका' नावाचा महासंगणक वेगात जगात चौथा आला होता. आज आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत परम ब्रह्म महासंगणक आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्रांपैकी एक पुण्यात आहे. पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था पावसावर काम करते. खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. पाऊस ओळखणारे, पाणी ओळखणारे आणि गणित चालवणारे सगळे एका शहरात आहेत. त्यांच्यामध्ये जाऊन काम करण्याची मुभा असलेला विद्यार्थी तेवढा नाही.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, नागरिकांची खासगी माहिती बाहेर जाईल. ही काळजी रास्त आहे, पण धरणाच्या दारांना खासगी आयुष्य नसतं. सिग्नलच्या वेळा, पाण्याचा दाब, कचऱ्याच्या गाड्यांच्या फेऱ्या यांचंही तेच. जिथे माणसांची माहिती गुंतलेली आहे, उदाहरणार्थ रुग्णालयातल्या नोंदी, तिथे नावं काढून टाकता येतात, किंवा डेटा बाहेर न नेता संशोधकालाच आत बोलावून तिथल्याच संगणकावर काम करू देता येतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनासाठी अटींसह सवलत ठेवलेली आहे. केंद्राने तर २०१२ मध्येच सरकारी डेटा खुला करण्याचं धोरण आणलं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : विद्यार्थ्यांना एवढं मनापासून काम करायचंच कुठे असतं, प्रोजेक्ट तर विकत मिळतात. मिळतात, हे खरं आहे. तयार प्रोजेक्टची दुकानं इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपासच सापडतात. पण ती चालतात कशावर? सगळ्यांचा डेटा तोच, विषय तेच, म्हणून एकाचं काम दहा जणांना विकता येतं. यंदाच्या पावसाळ्यातल्या खडकवासल्याच्या दारांवरचा प्रोजेक्ट कुठल्याही दुकानात तयार मिळणार नाही. कॉपी रोखायला आपण सॉफ्टवेअर विकत घेतो. प्रश्नच नवा आणि इथला असेल, तर निम्मी कॉपी आपोआप थांबेल.

पैशांचं आणि गाईडचं थोडक्यात लिहिते, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, आणि पुण्यात खोली आणि मेस यातच ते संपतात. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची जेआरएफ ही शिष्यवृत्ती २०२३ पासून महिन्याला ३७,००० झाली, हे चांगलं झालं, पण हप्ता वेळेवर आला तरच त्याचा उपयोग. यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. म्हणजे वरच्या पदाची प्रत्येक रिकामी जागा आठ मुलांची वाट अडवते. या जागा भरा.

आता शासन निर्णयात काय असावं, ते मांडते. प्रत्येक विभागाने आणि महापालिकेने संशोधनाच्या अर्जांसाठी एक अधिकारी नेमावा. विद्यापीठाच्या शिफारशीसह आलेल्या अर्जाला पंचेचाळीस दिवसांत उत्तर द्यावं, आणि नकार असेल तर तो कारणासह लेखी असावा. कराराचा मसुदा शासनानेच तयार करून द्यावा, म्हणजे प्रत्येक कार्यालयाला विधी विभागाकडे धावावं लागणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : या निर्णयाप्रमाणे, सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्या अधिकाऱ्याला वैयक्तिक जबाबदार धरलं जाणार नाही, असं एक वाक्य त्यात स्पष्ट असावं. "कोणत्या नियमाखाली देऊ?" या प्रश्नाचं उत्तर तेच एक वाक्य आहे. शक्य तिथे विभागातल्या अभियंत्याला सह-मार्गदर्शक करता यावं आणि त्या कामाची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात व्हावी.

विद्यार्थ्यांवरही बंधन घाला. आज प्रबंधाची पीडीएफ शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जाते, पण प्रोग्रॅम आणि डेटा विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरच राहतात आणि त्याच्याबरोबर निघून जातात, त्यामुळे पुढच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रोग्रॅम आणि वापरता येण्याजोगा डेटा विद्यापीठात जमा केल्याशिवाय व्हायवा होऊ नये. आणि ज्या कार्यालयाने नोंदी दिल्या, त्याला विद्यार्थ्याने मराठीत दोन पानांचं टिपण द्यावं, तिथल्या कर्मचाऱ्याला वाचून समजेल असं : काय पाहिलं, काय आढळलं, काय करून पाहता येईल.

या नोंदी आपल्या विभागाच्या नाहीत, त्या जलसंपदा, नगरविकास, गृह, आरोग्य अशा विभागांकडे आहेत, याची मला कल्पना आहे. पण विद्यार्थी आपल्या विभागाचे आहेत, आणि त्यांच्या वतीने मंत्रिमंडळात बोलणारे आपणच आहात. एकदम सगळ्या राज्यात नको असेल, तर पुणे जिल्ह्यापासून सुरू करा. धरणं, दोन महापालिका, मेट्रो आणि एवढी महाविद्यालयं एकाच जिल्ह्यात आहेत.

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाचे विषय पावसाळ्यात ठरतात. विद्यार्थी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) घेऊन माझ्या केबिनबाहेर उभे राहायला लागतात, त्याच्या आत हा निर्णय निघावा. मसुदा तयार करायला मदत हवी असेल, तर माझ्यासारखे पुण्यातले अनेक शिक्षक सांगाल त्या दिवशी मंत्रालयात येतील.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक प्राध्यापिका, पुणे