जुन्या आयनोडचा उरलेला कचरा

फोंडा, गोवा

प्रिय उल्हास,
सप्रेम नमस्कार.

लिनक्स कर्नलसाठी तू लिहीत असलेल्या फाईलसिस्टमबद्दलचं तुझं पत्र मिळालं. मशीन नुकतं सुरू केलं की सगळं सुरळीत चालतं, आणि शेकडो फायली बनवून-पुसून झाल्या की एखादी कोरी फाईल कॉम्प्रेस्ड म्हणून उघडते. हे लक्षण वाचून मला ना डिस्कचा संशय आला, ना लॉकिंगचा. तुझ्या आयनोडमधलं, म्हणजे प्रत्येक फायलीची माहिती मेमरीत ठेवणाऱ्या रचनेतलं, एखादं फील्ड कुणी भरतच नाही, असं मला वाटतं.

आयनोडची स्लॅब कॅशे (एकाच मापाच्या जागांचा मेमरीतला साठा) बनवताना तू कन्स्ट्रक्टर (जागा पहिल्यांदा मांडून देणारं फंक्शन) दिला आहेस. तो प्रत्येक आयनोडसाठी चालतो असं अनेकजण धरून चालतात, पण तसं नाही. नवी स्लॅब, म्हणजे अशा जागांचा गठ्ठा, तयार होते तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक जागेसाठी तो एकदाच चालतो. आयनोड सोडला आणि तीच जागा दुसऱ्या फायलीला मिळाली, की मधे कन्स्ट्रक्टर येत नाही. व्हीएफएस, म्हणजे सर्व फाईलसिस्टमांवरचा कर्नलचा सामायिक थर, स्वतःचा भाग दर वेळी नव्याने भरतं, तुझी खाजगी फील्डं मात्र त्याला ठाऊकच नसतात. आधीच्या फायलीचा कॉम्प्रेशनचा फ्लॅग तिथे तसाच राहतो.

आता खरी अडचण. अशा चुका पकडायची नेहमीची हत्यारं नेमकी इथेच आंधळी होतात. बूट करताना 'इनिट ऑन अलॉक' (दिलेली मेमरी आधी शून्याने भरणं) चालू केलंस तरी कन्स्ट्रक्टर असलेल्या कॅशेला कर्नल शून्य भरत नाही, कारण कन्स्ट्रक्टरने मांडून ठेवलेल्या याद्या आणि लॉक पुसले जातील. स्लब हा स्लॅबची मेमरी वाटणारा कर्नलचा भाग, त्याचं पॉइझनिंगही (मेमरीत खुणेचे बाइट भरणं) त्याच कारणाने अशा कॅशेतल्या ऑब्जेक्टना हात लावत नाही. (इतर कॅशेंत हेक्स ६बी ६बी दिसलं की लोक लगेच 'सोडलेली मेमरी वापरली' म्हणतात. स्लब नुकत्याच दिलेल्या ऑब्जेक्टमध्येही तेच बाइट भरतं, म्हणजे ती न भरलेली जागाही असू शकते.) आणि केएमसॅन, म्हणजे न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारा कर्नलचा तपासनीस, ज्यावर तू सगळी भिस्त ठेवली आहेस, तोसुद्धा कन्स्ट्रक्टर असेल तर वाटपाच्या वेळी काहीच करत नाही. जागेची स्थिती मागच्या वापरापासून बदललेली नाही, असं तो मानतो. त्याचा अहवाल कोरा आला म्हणून कोड शुद्ध ठरत नाही.

म्हणून ही जागा न भरलेली आहे असं केएमसॅनला आपण सांगायचं. अलॉक-आयनोड हुकमध्ये (नवा आयनोड हवा असताना व्हीएफएस बोलावतं त्या तुझ्या फंक्शनमध्ये), कॅशेतून ऑब्जेक्ट मिळाल्याबरोबर, तुझ्या खाजगी फील्डांच्या पट्ट्यावर 'केएमसॅन पॉइझन मेमरी' हे फंक्शन बोलव: पत्ता, लांबी, जीएफपी फ्लॅग (मेमरी वाटपाचे नियम सांगणारे). व्हीएफएस आयनोड आणि कन्स्ट्रक्टरने तयार केलेले लॉक त्या पट्ट्यात येऊ देऊ नकोस. मग न भरलेल्या फील्डवर एखादं 'इफ' अवलंबून राहिलं की अहवाल येईल. त्यात दोन ठिकाणं बघ: किंमत वापरली कुठे, आणि ती जन्मली कुठे. दुसऱ्याचा स्टॅक, म्हणजे तिथवर पोचलेल्या फंक्शन-कॉल्सची साखळी, तुझ्या अलॉक हुककडे बोट दाखवेल. मधे 'साठवली' म्हणून आणखी एक स्टॅक असेल तर तोही वाच, कारण नुसत्या कॉपीवर केएमसॅन ओरडत नाही, ती किंमत पुढे वाहत जाते.

केएमसॅन कर्नलमध्ये ६.१ पासून, म्हणजे २०२२च्या शेवटापासून आहे. त्याला क्लँग कंपायलर १४.०.६ किंवा पुढचा लागतो, आणि कासॅन (मेमरीच्या इतर चुका पकडणारा तपासनीस) बंद असावा लागतो. मेमरीच्या प्रत्येक पानामागे आणखी दोन पानं खर्च होतात, तेव्हा क्यूएमूच्या आभासी मशीनला सढळ मेमरी दे. काणकोणला पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. कर्नलची बांधणी (बिल्ड) अर्ध्यावर तुटली तर पुन्हा मेक करण्याआधी शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फायली (कंपायलरने बनवलेल्या) शोधून पूस. मेकला त्या ताज्या वाटतात आणि लिंक करताना भलतीच चूक समोर येते.

दोष हमखास उभा करायचा तर सगळं एकाच सीपीयूवर टास्कसेट या कमांडने चालव. कॉम्प्रेशन लावलेल्या हजारभर फायली बनव आणि एक सोडून एक पूस. सगळ्या पुसल्यास तर स्लॅबची पानंच परत जातील, नव्या पानांवर कन्स्ट्रक्टर पुन्हा चालेल आणि दोष लपेल. आयनोड आरसीयूनंतर (जुने वाचक संपेपर्यंत थांबण्याच्या कर्नलच्या पद्धतीनंतर) सुटतात, म्हणून काही सेकंद थांब. मग साध्या फायली बनवून त्यांचे फ्लॅग तपास. केएमसॅनशिवाय करायचं असेल तर फ्री-आयनोड हुकमध्ये त्याच पट्ट्यावर हेक्स एए भर.

दुरुस्ती अलॉक हुकमध्येच कर, फाईल बनवण्याच्या फंक्शनमध्ये नको. सगळ्या रचनेवर मेमसेट (सगळे बाइट एकाच किमतीने भरणं) तर मुळीच नको. तिथे एकेक फील्ड नावानिशी भर. याला कारण आहे. डिस्कवरून आयनोड वाचताना चूक झाली की 'आयगेट फेल्ड' हे कर्नलचं फंक्शन तो आयनोड सोडतं, आणि वाटेत तुझं एव्हिक्ट-आयनोड (आयनोड काढून टाकतानाचं फंक्शन) चालतंच. तोवर अर्धीच फील्डं भरलेली असतात. त्यातला एखादा जुना पॉइंटर तू केफ्रीने मोकळा केलास, तर दुसऱ्याच फायलीची मेमरी सुटेल. फ्लॅगच्या दोषापेक्षा हा कितीतरी घातक आहे, आणि बिघडलेली डिस्क येईपर्यंत दिसतही नाही. मुद्दाम एका आयनोडचा चेकसम बिघडवून ही वाट चालवून बघ.

फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचं थोडक्यात. जीसीसी कंपायलरची 'कदाचित न भरलेलं' ही सूचना कर्नलमध्ये ५.७ पासून मुळातच बंद आहे. फक्त तुझ्या डिरेक्टरीपुरतं 'डब्ल्यू=२' (जास्तीच्या सूचना चालू करणारा पर्याय) देऊन मेक कर. खोट्या सूचना बऱ्याच येतील, तरी लूप एकदाही न चालता एरर परत करणाऱ्या जागा नक्की वाच. मात्र सूचना गप्प करायला सरसकट 'एरर बरोबर शून्य' लिहू नकोस. शून्य म्हणजे यश. रिकाम्या लूपला यश म्हणायचं की नाही, हे त्या जागी विचार करून ठरव. नाहीतर न लिहिलेला डेटा लिहिला गेला असं वरच्या थराला कळतं आणि माणसाची फाईल जाते.

केएमसॅनचा पहिला अहवाल आला की तिन्ही स्टॅक 'डीकोड स्टॅकट्रेस' स्क्रिप्टमधून काढून, ओळींच्या क्रमांकांसह पाठव. सोबत अलॉक, फ्री आणि एव्हिक्ट ही तिन्ही फंक्शनं जोड. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
दामोदर