खंड्याची उलटी

प्रिय पश्या,

इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. हे फोनवर सांगून झालं नसतं म्हणून लिहितोय. घरात कुणापाशी बोललो की "अरे, कुत्रं आहे, करतं उलटी" एवढंच ऐकायला मिळतं आणि माझं डोकं फिरतं.

खंड्या परत गवत खायला लागलाय. वेताळ टेकडीवर पावसानंतर कोवळं आलंय ना, तर साहेब बाकी सगळं सोडून बरोबर लांब बारीक पातं हुंगून काढतात, मान वाकडी करून दाढेखाली धरतात. तिथवर मजा वाटते रे, पण परवा पहाटे बाल्कनीत पोट आत ओढून ओढून उबळ काढायला लागला आणि मला एकदम तुझ्या मोतीची ती रात्र आठवली. नुसती उबळ, बाहेर काहीच नाही आणि पोट ढोलासारखं टम्म. मी त्याच्या पोटाला हात लावून बसलो. मऊ होतं. मग पिवळा फेस पडला, त्यात गवताच्या अख्ख्या काड्या, आणि पश्या, उलटी बघून इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

आई म्हणाली पोट साफ करतोय, शेजारचे काका म्हणाले पाऊस येणार, जुलैत हे कुणीही सांगेल! डॉक्टरीणबाईंनी हिरड्या बघितल्या, ओल्या आणि गुलाबी होत्या, जंताचं औषध कधी दिलं ते विचारलं. पिवळं म्हणजे पित्त, रात्रभर पोट रिकामं राहिलं की काही कुत्र्यांना पहाटे असं होतं, झोपायच्या आधी थोडं खायला द्या म्हणाल्या. आणि पोट फुगलं, उबळ येऊन काहीच पडेना, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. हे आपल्याला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

बाय द वे, आपलं ते भांडण मी जिंकलो. तू म्हणायचास गवत खातं म्हणजे कुत्रं आजारी. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने पंधराशेवर कुत्रेवाल्यांना विचारलेलं, २००८ साली छापून आलंय: रोज किंवा दर आठवड्याला गवत-पाला खाणारी ६८ टक्के, त्याआधी बऱ्याचदा आजारी दिसणारी फक्त ८ टक्के, नंतर नेहमी उलटी करणारी २२. पैजेची शेव-बटाटा-दहीपुरी तुझ्याकडून.

खरी धास्ती सोसायटीच्या लॉनची आहे. तिथे माळी तणनाशक मारतो, कधी मारलं त्याची पाटी नाही, आणि हा नेमका कंपाउंडच्या कडेचं गवत खातो जिथे फवारा जास्त. मीटिंगमध्ये बोललो तर लोक हसले. म्हणून आता सरळ टेकडी, आणि गॅलरीत कुंडीत गहू पेरलेत त्याच्यासाठी.

नाशिकची बदली झाली का? चिऊला दहावीचे पेढे माझ्याकडून. मोती गेल्यावर तू परत कुत्रं पाळलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. पण दिवाळीत येशील तेव्हा खंड्याला टेकडीवर तूच ने.

तुझा,
नंदू