फ्युजऐवजी साधी वायर नको

संपादक साहेब,

वडाळ्याला माझा जुना ट्रक भर पावसात अचानक मेला, हेडलाइट नाही, हॉर्न नाही, बॅटरी मात्र फुल. मेकॅनिकने फ्युज बॉक्समधले सगळे फ्युज काढून बघितले, सगळे चांगले, मग म्हणे अख्खं वायरिंग बदला! अहो, जुन्या गाड्यांत स्टार्टर किंवा बॅटरीजवळ फ्युजिबल लिंक असते, म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली वायर, लोड वाढला की आधी तीच जळते आणि बाकीचं वायरिंग वाचतं. गंमत अशी की वरचं कव्हर कधीकधी जसंच्या तसं राहतं, आतली तार गेलेली. हळूच ओढून बघा, रबरासारखी ताणली तर गेली समजा, नाहीतर टेस्ट लॅम्प एकेक करून दोन्ही टोकांना लावा, एका बाजूला पेटला आणि दुसरीकडे नाही तर लिंक गेली.

पण बदलताना बरेच जण घरातली जाड वायर जोडून मोकळे होतात, त्याचा मला फार राग येतो, कारण पुढच्या शॉर्टला मग हार्नेसच, म्हणजे गाडीच्या वायरिंगचा अख्खा जुडगाच, पेटतो. जुन्या लिंकच्याच जाडीची फ्युजिबल वायर घ्या, आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, आणि ती का जळली ते शोधा, माझ्याकडे चेसिसला घासून सोललेली वायर निघाली.

एक ट्रकवाला, वडाळा, मुंबई