स्लॅब जमिनीवर असतो, अण्णा

टार्नीट, मेलबर्न
रविवार दुपार

ती. अण्णा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

किल्ली मिळाली हे फोनवर कळलंच आहे. पण त्या दिवशी रेंज नव्हती आणि आई रडायला लागली, त्यामुळे सांगायचं ते सगळं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. दादा वाचून दाखवील. पण अण्णा, नंतर चष्मा लावून तुम्ही स्वतः एकदा वाचा, कारण यात मापं आहेत आणि मापं वाचताना दादा गाळतो.

जागा चारशे चौरस मीटर. म्हणजे चार गुंठ्यांना जरासं कमी. समोरून एक्केचाळीस फूट, आत एकशे पाच फूट. घर 'बावीस स्क्वेअर'चं. हे लोक शंभर चौरस फुटांना एक स्क्वेअर म्हणतात. मीटर येऊन पन्नास वर्षं झाली तरी घराचं माप अजून स्क्वेअरमध्येच. बिल्डरच्या ऑफिसात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. आपला ब्रासच की हा! तुम्ही प्लास्टरचा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर ब्रासात मांडायचे, ते डोळ्यांसमोर आलं. तेव्हा बावीस ब्रास समजा. चार खोल्या, दोन न्हाण्या, दोन गाड्यांचं गॅरेज. गाडी एकच आहे, दुसरीच्या जागी सध्या खोकी आहेत.

मागच्या जुलैत मी फोन करून "स्लॅब टाकला" म्हणालो आणि तुम्ही भडकलात. पाया कधी भरला, भिंती कधी उचलल्या, बापाला न सांगता एकदम स्लॅब? तर त्याचा खुलासा असा, की इथे स्लॅब खाली असतो. जमिनीवर. जोतं म्हणा, पाया म्हणा, फरशीखालचा कोबा म्हणा, सगळं एकातच. वरती स्लॅब नसतोच. वर लाकडी कैच्या आणि पत्रा किंवा कौलं.

आणि तो स्लॅब कशावर, ते मी तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. थर्माकोलवर. रागावू नका, पुढे वाचा. मेलबर्नची ही पश्चिमेकडची बाजू सगळी जुन्या ज्वालामुखीच्या दगडावर आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा दगड, वयाने मात्र आपल्यापेक्षा फारच लहान. इकडे त्याला ब्लूस्टोन म्हणतात. शहरातल्या जुन्या गल्ल्या त्याच दगडाने फरसबंद केलेल्या आहेत. आणि दगड तोच असेल तर माती कशी वेगळी असणार? पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जानेवारीत प्लॉट बघायला गेलो तर भेगेत छोटीची चप्पल अडकली. आपल्या खालच्या रानात उभा आहे असंच वाटलं. काळीवर घर बांधू नये, पाया मुरमापर्यंत न्यावा, हे तुम्ही आयुष्यभर सांगितलंत. हे लोक उलट करतात. थर्माकोलचे तीन-साडेतीन फुटी चौकोनी ठोकळे जमिनीवर मांडतात, मधल्या फटींतून गज टाकतात आणि वरून काँक्रीट ओततात. खालून बघितलं तर चौकटी-चौकटींचा तराफा. माती फुगली की घर अख्खं हलावं, एक कोपरा वर आणि एक खाली असं होऊ नये, हा त्यातला हिशेब. मातीची तपासणी आधी होते, तिला वर्ग देतात, आणि त्या वर्गावर गज आणि जाडी ठरते. मला पटलं. तुम्हाला पटेल का, माहीत नाही.

काँक्रीट एका सकाळीत झालं. पाच-सहा माणसं आणि एक पंप. आदल्या संध्याकाळी तुमच्या सुनेने कुंपणाच्या जाळीतून हात घालून कोपऱ्यात सुपारी आणि रुपयाचं नाणं पुरलं. सुपरवायझरच्या परवानगीशिवाय आत जायची मुभा नाही, म्हणून आमची पायाभरणी अशी चोरून झाली. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, पाणी मारायला कोणी आलं नाही. मला रात्री झोप लागेना. पण जुलै म्हणजे इथली थंडी, आठ दिवस पाऊस सोडत नव्हता. देवानेच मारलं म्हणायचं.

मग सांगाडा आला. लाकडाचा. पाइनच्या पट्ट्या, कारखान्यातच जोडलेल्या, ट्रकवरून उतरवल्या आणि चार दिवसांत घर उभं. गावात फोटो पाठवला तेव्हा म्हणे पारावर हशा झाला, "पोरगं काड्यापेटीत राहायला चाललंय." दादाने सांगितलं मला. पण अण्णा, तुम्ही हसला नाहीत हेही त्यानेच सांगितलं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. 1993 च्या त्या पहाटे किल्लारीला माणसं कशाने मेली? दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवदाची माती. तुम्ही ढिगारे उपसायला गेला होता आणि मग पुढची काही वर्षं पुनर्वसनाच्या गावांत भिंती उचलत होता. मी लहान होतो, पण घरी आल्यावर तुम्ही एकच वाक्य बोलायचात: छप्पर हलकं पाहिजे. तर माझं छप्पर हलकं आहे.

विटा आहेत, पण त्या फक्त बाहेरून. हे समजायला मला वेळ लागला. वीट घर धरत नाही, घर वीट धरतं. लाकडी सांगाड्याला पत्र्याच्या पट्ट्यांनी विटांची एकेरी भिंत बांधून ठेवतात, मध्ये दीड-दोन इंच पोकळ जागा, आणि खालच्या थरात ठरावीक अंतरावर सांधा उघडा सोडलेला, आतलं पाणी निघून जावं म्हणून. मी आधी समजलो गवंडी माल भरायला विसरला. त्याला जाऊन सांगणार होतो, बरं झालं सांगितलं नाही. आतून जिप्समचे तक्ते. खिळा ठोकायचा तर आधी टकटक करून लाकूड कुठे आहे ते शोधायचं. बालाजीचा फोटो दोनदा पडला.

गवंड्यांशी मात्र माझी गट्टी जमली. सकाळी सातला कामावर, तीनला घरी. मजुरी हजार विटांच्या दराने. दोरी तशीच, कोपरे आधी उचलायचे तसेच, थापीने विटेला टिचकी मारायची तीही तशीच. एकाचा बाप इटलीहून आलेला गवंडी होता. मी म्हटलं, माझाही बाप गवंडी. त्याने हात पुसले आणि माझ्याशी हात मिळवला. त्याआधी मी त्याच्यासाठी फक्त घराचा मालक होतो.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

2013 ला मी निघालो त्या आठवड्यात तुमचा पितळी ओळंबा हरवला होता. तुम्ही दोन महिने शोधलात आणि शेवटी हाताखालच्या पोरावर संशय घेतलात. तो पोरगा काम सोडून गेला, असं आई म्हणाली होती. ओळंबा माझ्या बॅगेत होता, अण्णा. का घेतला ते मला तेव्हाही कळलं नाही. मागितला असता तर दिला असतात. आधी सहा जणांच्या खोलीत, मग भाड्याच्या तीन घरांत, गोदामातल्या रात्रपाळीच्या वर्षांत, तो मोज्यात गुंडाळून पडून होता. त्या पोराला दादाकरवी निरोप द्या. काय निरोप द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

सांगाड्याच्या पाहणीला सुपरवायझरने मला बोलावलं तेव्हा ओळंबा खिशात होता. सुपरवायझर पुढे फिरून मला खोल्या दाखवत होता, मी स्वयंपाकघराच्या भिंतीशी थांबलो आणि वरच्या पट्टीला दोरी धरली. वारा होता. ओळंबा थांबायलाच तयार नाही. मी पाठ करून आडोसा दिला, तुम्ही धोतराचा सोगा धरायचात तसं जॅकेट धरलं. थांबला. वर एक बोट अंतर, खाली जवळजवळ दीड बोट. सुपरवायझर आला, त्याला वाटलं मी काही पूजा करतोय. त्याने लेझर काढला, लाल रेघ भिंतीवर मारली आणि गप्प झाला. किती मिलिमीटर चालतं ते यांच्याकडे छापील आहे, आणि ही भिंत त्यात बसत नव्हती. दोन दिवसांनी सुतार येऊन सरळ करून गेला. मी पुन्हा ओळंबा लावला. वर-खाली सारखं.

या अख्ख्या घरात माझ्या हातचं काम एवढंच.

बाकी मी सह्या केल्या. पैसे मात्र इथे कायद्याने टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात. करार करताना पाच टक्के, स्लॅब झाला की दहा, सांगाडा उभा राहिला की पंधरा, दारं-खिडक्या बसून घर बंद झालं की पस्तीस, आतलं सुतारकाम झालं की पंचवीस, शेवटी दहा. टप्पा झाल्याशिवाय बिल्डरने मागायचे नाहीत आणि झाल्यावर आपण थांबवायचे नाहीत. प्रत्येक वेळी बँकेची चिठ्ठी आली की मला तुमची ती लाल वही आठवायची. देशमुखांचे बाकी, शाळेचे बाकी, सरपंचांचे बाकी. त्यातले किती आले शेवटी?

सगळं गोडच होतं असं नाही. जमिनीचे पैसे 2022 च्या दिवाळीत भरले आणि जमीन नावावर झाली 2024 च्या मार्चात. तोवर तिथे रस्ताच नव्हता. मग नाल्या खोदताना खडक लागला म्हणून जादा बिल आलं. किंमत ठरलेली, पण "खडक लागल्यास वेगळे" अशी बारीक अक्षरांत ओळ. खडकाच्या पठारावर घर बांधताना खडक लागतो, याचं बिल्डरला फार आश्चर्य वाटलं होतं. कर्ज तीस वर्षांचं आहे. आईला आकडा सांगू नका.

आणि लांब आहे, हेही खरं. शहरापासून पंचवीसएक किलोमीटर. स्टेशन 2015 चं, तेव्हा भोवती नुसतं गवत होतं म्हणतात. आता सकाळी गाडीत उभं राहायला जागा नसते, आणि रस्त्याने निघालं तर वस्तीबाहेर पडायलाच अर्धा तास. पण वस्तीपलीकडे अजून माळ आहे. तिथे शेतांच्या कडेने जुने दगडी गडगे आहेत, एकोणिसाव्या शतकातले. रानातले दगड वेचून रचलेले. चुना नाही, माती नाही, नुसती रचाई, आणि दीडशे वर्षांनंतरही उभे. तुम्ही आलात की पहिल्यांदा तेच दाखवीन, समुद्र नंतर.

आईसाठी स्वयंपाकघराचं. गॅस नाही. इथे 2024 पासून नव्या वस्त्यांत गॅसची जोडणीच देत नाहीत, सगळं विजेवर. इंडक्शनवर भाकरी तव्यावर होते, पण फुगवायला जाळ कुठून आणायचा? तुमच्या सुनेने मागच्या ओट्यावर सहलीला नेतात ती छोटी गॅसची शेगडी मांडली आहे. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण जुनं असतं, कडा तुटतात. शेजारच्या पंजाबी काकूंनी कुंपणावरून बघितलं आणि विचारलं, ही कसली रोटी? आता दर रविवारी दोन भाकरी तिकडे जातात आणि सरसोंची भाजी इकडे येते. कुंपणाचा खर्च दोन घरांनी निम्मा-निम्मा करायचा असतो. त्यांनी एका शब्दानेही घासाघीस केली नाही.

दार पूर्वेला आहे, हे आपलं नशीब. मात्र ऊन इथे उत्तरेकडून येतं. सूर्य दुपारी उत्तरेला असतो, त्यामुळे बसायची खोली उत्तरेला घेतली, आणि हिवाळ्यात ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. ईशान्येला देवघर सांगितलं होतंत, तिथे गॅरेज आलं. देव पूर्वेच्या खिडकीत आहेत. आहेत मजेत.

एक सांगू? पहिल्या रात्री पाहुणे गेल्यावर मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि आपलं घर बघत बसलो. दिवे लावले होते. बराच वेळ. एक माणूस कुत्रं घेऊन गेला, त्याने विचारलं काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही, हे माझं आहे. त्याला काय कळलं असेल कोण जाणे. तुम्ही दुसऱ्यांची किती घरं बांधलीत, कधी असं समोर उभं राहून बघितलं का? का हात धुऊन सायकलवर बसायचात?

व्हिसाचे कागद दादाकडे पाठवतो आहे. नोव्हेंबरात या, ऊन बरं असतं. आईला सांगा, आंब्याची पानं, फुलं, घरचं बियाणं काही बॅगेत घालू नकोस. विमानतळावर काढून घेतात आणि दंड वेगळा. लाकडी पाट असेल तर फॉर्मवर लिहावं लागतं. तांब्याचा कलश चालेल.

मागच्या अंगणात तुळशीचा ओटा बांधायचा आहे. दोन फूट बाय दोन फूट, उंची तुम्ही ठरवा. थंडीत तुळस आत घ्यावी लागेल, पण ओटा बाहेरच पाहिजे. ब्लूस्टोन आणून ठेवला आहे, सिमेंटच्या दोन गोण्या गॅरेजमध्ये आहेत. तुमची थापी घेऊन या. फक्त घासूनपुसून, चिमूटभर माती किंवा वाळलेला माल राहता कामा नये, इथे मातीचा कणही आत येऊ देत नाहीत. ओळंबा आणायची गरज नाही.

आईला आणि वहिनींना नमस्कार. दादाच्या पोरांना पापा.

तुमचा,
धाकटा