गिटारवाल्यांच्या नखांबद्दल पण कधीतरी छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नखांची निगा म्हणून लेख आला होता तो वाचला. लेख चांगलाच होता, नेल आर्टचे फोटो तर आमच्या घरात सगळ्यांनी दोनदा बघितले. पण त्यात मधेच लिहिलंय की नखाला चीर गेली तर सरळ मुळापर्यंत कापून टाका आणि वाढायची वाट बघा. बाकी सगळ्यांना हे ठीक आहे हो, पण क्लासिकल गिटार वाजवणाऱ्याला असं सांगणं म्हणजे त्याला महिनाभर घरी बसवणं झालं. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन मिलिमीटर गेलं तरी तीन आठवडे गेले, आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवीन यायला सहा महिने लागतात. परीक्षा किंवा कार्यक्रम तोपर्यंत थांबतो का?

माझं साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे आणि संध्याकाळी चार पोरं गिटार शिकायला येतात, त्यामुळे गोंद आणि पॉलिश पेपर हा धंदाही आपला आणि नखं हा विषयही आपलाच. म्हणून हे पत्र, जरा लांबलं तर सांभाळून घ्या, कापलंत तरी मधला गोंदाचा भाग तेवढा ठेवा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, घेऊन वाजवणाऱ्यांचा इथे काही संबंध नाही, त्यांनी खुशाल नखं कापावीत. नायलॉनच्या तारांची गिटार उजव्या हाताच्या चार बोटांनी वाजते, अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिका, करंगळीला बहुतेक वेळा सुट्टी. तार आधी बोटाच्या मांसाला टेकते, मग नखाच्या कडेवरून घसरत सुटते, आणि आवाज गोल येणार की पत्र्यासारखा येणार हे त्या कडेवर ठरतं. कडेला केसाएवढा खाचा असला तरी तार तिथे अडकते आणि खर्र असा आवाज येतो, समोर बसलेल्याला पण ऐकू येतो. ट्रेमोलो वाजवताना तर अंगठ्यानंतर अनामिका, मधलं, तर्जनी अशी तिन्ही बोटं एकाच तारेवर पाठोपाठ येतात, त्यातलं एक नख गेलं की तीनातला एक सूर कायम दबलेला. डाव्या हाताची नखं मात्र एकदम बारीक कापलेली लागतात, नाहीतर तार दाबताच येत नाही. त्यामुळे आमच्या पोरांचा एक हात असा आणि एक तसा, आणि पाहुणे आले की पहिला प्रश्न, काय रे, नेलकटर मधेच मोडला का? वर शनिवारी नखं कापू नये, दिवेलागणीला कापू नये हे आजीचं आहेच, पण आमची पोरं कापत नाहीत, घासतात, त्यामुळे तो दोष काही लागत नाही.

आता मुद्द्याचं. क्लासेसमध्ये तार कशी बदलायची, ट्यून कसं करायचं हे पहिल्या महिन्यात शिकवतात, पण नख तुटलं तर काय करायचं हे कोणीच शिकवत नाही. मग पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि दुकानात येऊन पाच-दहा रुपयांची ती झटकन चिकटणारी गोंदाची ट्यूब मागतात, आणि घरी जाऊन कापूस लावून त्यावर गोंद ओततात. कापूस लावून! अहो, हा जो सायनोअॅक्रिलेट जातीचा गोंद असतो ना, तो कापसात भिनला की इतक्या झपाट्याने घट्ट होतो की चटका बसेल एवढी उष्णता निघते, कधी धूरही निघतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या बोटाला असाच फोड आला, नख वाचवायला गेला आणि बोटच पट्टीत. सुती कपड्यावर सांडला तरी तेच. खायच्या सोड्याची युक्ती पण फिरते आहे, गोंदावर सोडा भुरभुरायचा, क्षणात दगड होतो हे खरं, पण तो पण तापतो आणि दगड झालेला थर नखाबरोबर वाकत नाही, मग टचकन सुटतो आणि जाताना नखाचा पापुद्रा घेऊन जातो.

गोंद वापरू नका असं मी म्हणत नाही. जगभरचे गिटारवाले, विशेषतः फ्लेमेंको ही स्पेनची शैली वाजवणारे, वर्षानुवर्षं हाच गोंद नखाला लावत आलेत कारण त्यांचं झोडपून वाजवणं असतं. पण तो पद्धतीने लावायचा असतो आणि ही पद्धत समोर बसवून दाखवावी लागते.

मागे एक मुलगी दुकानात आली, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर द्या म्हणाली, नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक. दोन हजारचा पेपर आमच्याकडे गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे सोडून कोणी मागत नाही, म्हणून विचारलं कशाला, तर तिने हात पुढे केला. अनामिकेचं नख, आणि जिथे नख मांसापासून सुटं होतं ना त्या कोपऱ्यातून आत चीर गेलेली, बहुतेक नखं तिथूनच जातात कारण सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो. परीक्षा तोंडावर आलेली, ती रडायच्या बेतात, आणि आई म्हणत होती की काप ते एकदाचं. मी म्हटलं थांबा ताई, आधी बघू तरी. उजेडात धरलं तर चीर अर्ध्यापर्यंतच होती, मांस उघडं नव्हतं, रक्त नव्हतं. मांस उघडं असेल, दुखत असेल किंवा रक्त असेल तर गोंदाला हात पण लावायचा नाही, ती जखम आहे, ती भरू द्यायची.

मग तिला तिथेच काउंटरवर करून दाखवलं. हात धुवून पूर्ण कोरडे केले आणि थोडा वेळ तसेच ठेवले, कारण नख पाणी पितं आणि ओल्या नखावर लावलेला गोंद टिकत नाही. मग स्पिरिटने नख पुसलं, तेलाचा अंश राहिला तर सगळं वाया. वरून अगदी हलका पेपर फिरवला, नुसती चकाकी जाईपर्यंत. पट्टीसाठी समोरच्या टपरीवरून डिप टीची पुडी आणली, कागदाची, त्यातला चहा पातेल्यात ओतून दिला म्हणजे टपरीवाला पण खूश, आणि त्या कागदाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला. टिशू पेपरचा एकच पदर सुटा करून घेतला तरी चालतो, पातळ सिल्कचा तुकडा मिळाला तर उत्तम. ट्यूब थेट नखावर दाबायची नाही, ही खूणगाठ बांधा. एक थेंब प्लास्टिकच्या तुकड्यावर काढायचा आणि टूथपिकच्या टोकाने उचलून चिरेत सोडायचा, आणि दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक वरून दाबून धरायचं, त्या प्लास्टिकला हा गोंद नीट चिकटत नाही त्यामुळे ते अलगद निघून येतं. वाळलं की मग कागदाची पट्टी चिरेला आडवी, चिरेच्या बाजूने उभी नाही, आणि तिच्यावर परत टूथपिकने अगदी थोडा गोंद, कागद ओला दिसेल इतपतच. कागद पण कापसाच्याच जातीचा, त्यामुळे तोही किंचित तापतो, गरम लागलं तर बोट लगेच पाण्यात. कातडीपासून आणि नखाच्या मुळापासून लांब राहायचं. पूर्ण वाळलं की परत एक पातळ हात.

यानंतर खरं काम पेपरचं. आधी चारशे नंबरने पट्टीच्या कडा नखात मिसळवून टाकायच्या, मग हजार, शेवटी दोन हजार, आणि वरून चकचकीत करण्यापेक्षा नखाची खालची कड जास्त घासायची कारण तार तिथून जाते. लोक वरची बाजू आरशासारखी करतात आणि खाली तसंच खरबरीत ठेवतात, आणि मग म्हणतात आवाज का येत नाही. पेपर एकाच दिशेने न्या, करवतीसारखा मागेपुढे केला की नखाचे पदर सुटतात. झालं की गिटारची तार घेऊन कडेवरून फिरवून बघा, कुठे अडकली तर बोटाला लगेच कळतं.

अशी डागडुजी काही दिवस टिकते, पाण्यात हात जास्त जात असतील तर कमी, म्हणून भांडी घासताना हातमोजे घाला, पोरांनी आणि पोरींनी दोघांनी. सुटायला लागलं की ओढून काढायचं नाही. नेल पॉलिश रिमूव्हर घ्या, अॅसिटोनवाला, त्यात भिजवून मऊ होऊ द्या, खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बसून हे उद्योग करू नका, अॅसिटोन पेट घेतं. रात्री खोबरेल लावा, नखं ठिसूळ होत नाहीत, पण ज्या दिवशी गोंद लावायचाय त्या दिवशी नको.

नख पूर्णच गेलं असेल तर पूर्वी टेबल टेनिसच्या बॉलचा तुकडा कापून नखाखाली चिकटवायचे, त्याला मुळात नखासारखाच बाक असतो म्हणून. ते बॉल सेल्युलॉइडचे होते. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत सेल्युलॉइड नसलेले प्लास्टिकचे बॉल आले आणि बाजारातही आता बहुतेक तेच दिसतात, त्यांचाही तुकडा चालतो, फक्त घासायला जरा वेळ लागतो. पण चिकटवायला थोडं तरी नख पुढे आलेलं लागतं, काहीच नसेल तर कशाला चिकटवणार?

पार्लरमधलं अॅक्रिलिक किंवा जेल हा मोठ्या माणसांचा मामला आहे. नख मजबूत होतं, मोठमोठे वादक पण करून घेतात, पण काढताना मशीनने घासून मूळ नख कागदासारखं पातळ करून ठेवतात, आणि खाली ओल राहिली तर नख हिरवं पडतं, तो जंतुसंसर्ग असतो. या पदार्थांची अॅलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही आणि पुढे दातांच्या कामात तसलंच मटेरियल वापरायची वेळ आली तर पंचाईत. युरोपियन युनियनने तर जेल पॉलिशमधलं टीपीओ नावाचं एक केमिकल सप्टेंबर २०२५ पासून बंदच केलंय. शाळकरी पोरांना तिकडे नेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

आता काही जण म्हणतील एवढा खटाटोप करण्यापेक्षा नखाशिवाय वाजवा की. वाजवतात, आणि चांगले चांगले वाजवायचे. हा वाद फार जुना आहे. फर्नांदो सोर हा नखाशिवाय वाजवणारा आणि दिओनिसियो आग्वादो नखाने, दोघेही स्पॅनिश, दोघेही पॅरिसमध्ये, आणि वाद असून पक्के दोस्त, सोरने दोन गिटारींसाठी एक रचना करून ती आग्वादोला अर्पण केली. पुढे तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाने पण शेवटच्या वर्षांत नखं कापून टाकली. पण त्या काळात तारा जनावरांच्या आतड्याच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या काढल्या, त्याआधीपासूनच सेगोव्हिया हा नावाजलेला स्पॅनिश वादक मांस आणि नख मिळून वाजवत होता आणि आता सगळीकडे तेच शिकवतात. माझं विचाराल तर नख गेलेल्या दिवसांत बिनानखाचा सराव जरूर करावा, अंगठ्याला आणि हाताच्या ठेवणीला फार फायदा होतो, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी पद्धत बदलून उपयोग नाही, सगळा अंदाज चुकतो.

आणि नखाची काळजी ही काय परदेशी थेरं नाहीत. आपल्याकडे सरोद बघा, उस्ताद अमजद अली खान डाव्या हाताच्या नखांनी तारा दाबतात, पोलादी पट्टीवर, तारेने नखाला चर पडतात आणि ते सारखे घासून सरळ करावे लागतात. सारंगीवाले नखाच्या मुळाशी तार दाबतात, तिथे घट्टे पडतात. त्या घरांमधून हे गुरूसमोर बसून शिकवलं जातं. गिटारचा क्लास मात्र फी घेतो, सर्टिफिकेट देतो आणि नखाचं म्हटलं की बघ बाबा व्हिडिओ.

तर माझी मागणी दोन जणांकडे आहे. क्लासवाल्यांनी तारांच्या जोडीला एक डबा ठेवा, त्यात चारशे, हजार आणि दोन हजार नंबरचे पेपर, टूथपिक, टिशू आणि एक ट्यूब, गोंद लहान मुलांच्या हातात न देता स्वतः लावून द्या, खर्च शंभर रुपयांच्या आत येतो. आणि शाळांमध्ये सोमवारी नखं तपासतात ते बरोबरच आहे, मळ भरलेली नखं कोणाला हवीत, पण पालकांची चिठ्ठी असेल तर उजव्या हाताची चार नखं दोन मिलिमीटर राहू द्या, स्वच्छ आहेत का तेवढं बघा. आमच्या एका विद्यार्थ्याची परीक्षेच्या आठवड्यात वर्गातच कापली, आणि त्यानंतर डागडुजीला काही उरतच नाही.

तुम्हीही एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून यावर लिहून घेतलंत तर फार बरं होईल, माझं ज्ञान दुकानापुरतं आणि तारेपुरतं आहे. दुकानात पेपर मागताना मात्र नुसता पॉलिश पेपर म्हणू नका, सुताराचा जाडा देतील, वॉटर पेपर म्हणा आणि नंबर सांगा. अख्खी शीट घ्यावी लागते, पण तिच्या पट्ट्या केल्या की सगळ्या क्लासला वर्षभर पुरते.

आपला,
एक हार्डवेअरवाला वाचक, सातारा